नोंद पक्की झाली का?

वाचकहो, आमच्या परभणी जिल्ह्यात सातबाऱ्याचे मोल काय, ते का सांगायला हवे? पीककर्ज, वाटणी, खरेदीखत, सारे त्याच्यावर! 2018 पासून तो डिजिटल सहीनिशी मिळतो. तेव्हा संगणकाच्या वेगाचे आकडे मी जरा चिकित्सेनेच वाचतो.

प्रोसेसर म्हणजे तलाठी समजा. पुढ्यात उघडी वही ती कॅश, कपाटातले दप्तर ती मेमरी, आणि तालुक्याला रुमालात बांधून ठेवलेले कागद म्हणजे डिस्क. कॅशमधली नोंद नॅनोसेकंदाभरात सापडते, मेमरीतली सुमारे 100 नॅनोसेकंदांत. फिरत्या डिस्कवरचीला मात्र काही मिलिसेकंद लागतात. चाचणीला चारच गावांचे सातबारे घेतले, तर सारे मेमरीत मावतात आणि आकडा डोळे दिपवतो. मेमरीत न मावेल एवढी माहिती घातली, म्हणजे डिस्कची कसोटी लागते.

लिहिण्याची गोष्ट याहून नाजूक. मिनिटाला 7200 फेरे घेणारी तबकडी सेकंदाला 120 वेळा फिरते. एकामागून एक फेरफार तिच्यावर पक्के करायचे, तर सेकंदाला साधारण तेवढेच व्हायचे. चाचणीत हजारो दिसले, तर ओळखावे की डिस्कने नोंद आपल्या कॅशमध्येच ठेवून ‘लिहिली’ असे कळवले आहे. तेवढ्यात वीज गेली, की फेरफारही गेला! कॅशला बॅटरीचा आधार असेल, तर गोष्ट निराळी.

म्हणून वेगाचे कौतुक करण्याआधी मी दोनच गोष्टी विचारीन: चाचणीत माहिती किती होती? आणि वीज तोडल्यावर शेवटची नोंद राहिली का?