पारदर्शक अलाइनर : स्वस्त कोठे घ्यावे आणि कोठे घेऊ नये

लग्नसराईत आमच्या दुकानावर बस्ता बांधावयास येणारी मंडळी पूर्वी कापड, दागिने आणि मंडप यांचाच हिशेब करीत. आता त्या हिशेबात दातांचा खर्चही येऊ लागला आहे. मुलाचे वा मुलीचे दात पुढे आहेत, एकावर एक चढले आहेत, ते लग्नाआधी सरळ व्हावेत. पण तोंडात तारा दिसावयास नकोत. अशांच्या मोबाईलवर पारदर्शक अलाइनरच्या जाहिराती दिवसभर येत असतात. घरबसल्या माप, महिन्याला थोडका हप्ता, काही महिन्यांत काम पूर्ण. पुसेगावात बसून या मालाची पारख कशी करावी, याचा विचार आम्ही येथे व्यापाऱ्याच्या नजरेने करीत आहोत. कोणाचे दात कसे हलवावेत हा डॉक्टरांचा अधिकार आहे, त्यात आम्ही पडत नाही. पैसे देणाऱ्याने काय पाहून द्यावेत, एवढ्यापुरतेच आमचे बोलणे.

अलाइनर म्हणजे दातांवर घट्ट बसणारे पातळ प्लास्टिकचे कवच. जाडी साधारण पाऊण मिलिमीटर. प्रथम दातांचे माप घेतात, संगणकावर दात कोठून कोठे न्यावयाचे याचा आराखडा होतो, प्रत्येक टप्प्याचा साचा थ्री-डी प्रिंटरवर निघतो आणि त्यावर प्लास्टिकचा पत्रा तापवून दाबला जातो. एका कवचाने दात सुमारे पाव मिलिमीटर सरकतो. मग आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढचे कवच. असे वीस, तीस, कधी त्याहून अधिक जोड लागतात. दिवसात २० ते २२ तास ते तोंडात राहिले पाहिजे. जेवताना काढावयाचे, चहाच्या वेळी काढावयाचे, दात घासून पुन्हा बसवावयाचे. बाजारपेठेत बसून दिवसातून दहा वेळा चहा पिणाऱ्या आम्हां लोकांना हे किती जमेल, याचा विचार पैसे देण्याआधीच केलेला बरा. तोंडात अलाइनर ठेवून गरम चहा प्यायल्यास प्लास्टिक वाकते, आणि पान-गुटखा खाणाऱ्याच्या तोंडात ते पारदर्शक म्हणून फार दिवस राहत नाही.

हा माल स्वस्त का होत चालला, ते समजून घेण्यासारखे आहे. १९९७ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी सुरू झाली आणि तिचे ‘इनव्हिजलाइन’ बरीच वर्षे या बाजाराचे मालक होऊन बसले. २०१७ पासून तिच्या महत्त्वाच्या पेटंटांची मुदत संपू लागली आणि इतरांना वाट मोकळी झाली. आपल्याकडे २०१८ साली मुंबईत ‘टूथसी’ निघाली आणि तिने घरी येऊन माप घेण्याची पद्धत लोकांपर्यंत नेली. मुंबईचीच लक्ष्मी डेंटल ही कंपनी दंतवैद्यांमार्फत ‘इल्युजन’ नावाचे अलाइनर देते. तिचे कारखाने मिरा रोड आणि बोईसर येथे आहेत आणि जानेवारी २०२५ मध्ये तिचे शेअरही बाजारात आले. बोईसर-तारापूर म्हटले की आम्हां कापडवाल्यांच्या डोळ्यांपुढे सुटिंगचे कारखाने येतात. आता तेथे दातांचाही माल तयार होतो. सारांश, अलाइनर परदेशातूनच यावे लागते असे राहिलेले नाही.

आणि निव्वळ प्लास्टिकची किंमत किती? २०१६ साली अमेरिकेतील न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा विद्यार्थी अमॉस डडली याने महाविद्यालयातील यंत्रे वापरून स्वतःचे अलाइनर स्वतःच बनविले. सामानाचा खर्च ६० डॉलरच्या आत. त्याची गोष्ट जगभर छापून आली आणि पुष्कळांनी असा अर्थ काढला की डॉक्टर लोक साठचे हजारो करून घेतात. हा हिशेब अर्धाच आहे. शेरवानीचे कापड मीटरला काय भावाने पडते हे आम्ही सांगू शकतो, पण अंगात बसते ती शिंप्याच्या कात्रीमुळे, आणि कात्री चुकली तर भारीतले कापडही वाया जाते. अलाइनरमध्ये पत्रा म्हणजे कापड, आराखडा आणि देखरेख म्हणजे शिलाई. पत्र्यात, कंपनीच्या नावात, डबीच्या देखणेपणात पैसे वाचविण्यास हरकत नाही. देखरेखीत वाचविले तर मात्र तोंडातले जाते.

कारण दात हा लाकडात ठोकलेला खिळा नव्हे. त्यावर सतत हलका दाब राहिला की एका बाजूचे हाड विरघळते आणि दुसऱ्या बाजूला नवे हाड भरते; त्या वाटेने दात सरकतो. हिरड्या निरोगी असतील तरच हे नीट घडते. हिरड्यांत पू असेल, आतले हाड आधीच झिजलेले असेल, आणि तशात दाब दिला, तर दात सरळ होण्याऐवजी हलू लागतो. आमच्या भागात तंबाखू-गुटख्याने हिरड्या खराब झालेली तिशी-पस्तिशीची माणसे कमी नाहीत. त्यांच्या बाबतीत पहिला खर्च हिरड्यांच्या उपचारावर व्हावयास हवा. दुसरा धोका मुळांचा. दाब जास्त झाल्यास मूळ टोकाकडून झिजून आखूड होऊ शकते. तिसरा चावण्याचा. समोरचे दात आरशात छान दिसतात, पण मागच्या दाढा एकमेकींना टेकत नाहीत आणि भाकरी चावताना त्रास सुरू होतो. हे धोके तारांच्या उपचारातही आहेत. फरक इतकाच की तारांच्या रुग्णाला दर महिन्याला डॉक्टरसमोर तोंड उघडावे लागते, तर टपालाने आलेल्या डबीतील अलाइनर घालणाऱ्याकडे कोणी पाहतच नाही. हाड, मुळे आणि आत अडकलेले दात मोबाईलच्या फोटोत दिसत नाहीत, घरी घेतलेल्या मापातही दिसत नाहीत. त्याला पूर्ण जबड्याचा एक्स-रेच लागतो.

आमच्या परिचयातील एका तरुणाचे उदाहरण येथे देतो. पुण्यात नोकरीस असताना त्याने एका कंपनीचे अलाइनर हप्त्यावर घेतले. माणूस घरी येऊन माप घेऊन गेला, पुढे सर्व डबे कुरिअरने आले. निम्म्या वाटेवर कवच एका सुळ्यावर बसेनासे झाले. फोनवर दर वेळी नवा माणूस आणि दर वेळी एकच उत्तर : “दाबून बसवा.” शेवटी नांदेडला एका तज्ज्ञाने एक्स-रे काढला तेव्हा कळले की त्या सुळ्याच्या मागे हाडात एक जास्तीचा दात अडकून आहे. तो आधी काढल्याशिवाय सुळा हलणारच नव्हता. काही शे रुपयांचा एक्स-रे सुरुवातीस झाला असता तर सगळा आराखडाच वेगळा झाला असता. हप्ते मात्र ठरल्याप्रमाणे कापले गेले.

हप्त्यांचा विषय निघालाच आहे तर अमेरिकेतील स्माइलडायरेक्टक्लबची कहाणी प्रत्येक गिऱ्हाइकाने लक्षात ठेवावी. २०१४ साली निघालेली ही कंपनी डॉक्टरकडे न जाता थेट घरी अलाइनर पाठवीत असे. सप्टेंबर २०१९ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. चारच वर्षांत, सप्टेंबर २०२३ अखेर, तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी काम बंद केले. ज्यांचे उपचार अर्धवट होते त्यांना सांगण्यात आले की पुढील उपचारासाठी आपापल्या दंतवैद्याकडे जावे. आयुष्यभराची हमी संपली. पण हप्त्यावर घेतलेल्यांनी हप्ते भरत राहावे, अशीच कंपनीची अपेक्षा होती. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये डेंट्सप्लाय सिरोना या मोठ्या कंपनीने ‘बाइट’ नावाच्या आपल्या घरपोच अलाइनरची विक्री थांबविली. आपल्याकडेही हप्ता बहुधा वेगळ्या फायनान्स कंपनीचा असतो. अलाइनर देणारा एक, कर्ज देणारा दुसरा. पहिला बुडाला म्हणून दुसऱ्याची वसुली आपोआप थांबत नाही. ‘बिनव्याजी’ या शब्दाकडे पाहून सही करण्याआधी कर्जाच्या कागदावर नाव कोणाचे आहे, ते वाचावे.

मग पुसेगावच्या माणसाने करावे काय? आमच्या मते पहिला प्रश्न अलाइनर कोणते हा नसून, अलाइनरच हवे का हा आहे. किंचित वाकडे दात, थोडी फट, थोडी गर्दी यांना अलाइनर चांगले लागू पडते. दाढा वा उपदाढा काढून जागा करावी लागते, जबडाच पुढे-मागे आहे, सुळा वर अडकला आहे, अशा ठिकाणी साध्या धातूच्या तारा बहुधा अधिक भरवशाच्या आणि बऱ्याच स्वस्तही पडतात. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात खासगी दवाखान्यापेक्षा फार कमी खर्चात तारांचा उपचार होतो. पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ लागतो, रांग असते. नांदेड, परभणी आणि लातूर येथेही दंत महाविद्यालये आहेत. तेथे निदान तपासणी आणि एक्स-रे करून घ्यावा, मग जाहिरातवाल्याशी भाव करावा.

मात्र प्रवासाचा खर्च हिशेबात धरल्याशिवाय तारा स्वस्त म्हणू नयेत. तारांना दीड वर्ष दर महिन्याची फेरी धरली तर अठरा फेऱ्या होतात. पुसेगावहून हिंगोली, तेथून नांदेड, आणि परत. दिवस जातो, रोजंदारी बुडते, मुलगी असेल तर बरोबर घरचे माणूस लागते. अलाइनरमध्ये दोन-दोन महिन्यांनी बोलावणारा डॉक्टर मिळाला तर फेऱ्या निम्म्यावर येतात. खेड्यातल्या माणसासाठी अलाइनरचा खरा फायदा हा आहे, आणि जाहिरातवाले तो सोडून बाकी सगळे सांगतात. म्हणून आम्ही म्हणू की अलाइनर घ्यावयाचेच तर जवळच्या शहरातील ऑर्थोडॉन्टिस्टमार्फत, म्हणजे दात सरळ करण्याच्या विषयात बीडीएसनंतर तीन वर्षांचे एमडीएस केलेल्या डॉक्टरमार्फत घ्यावे. देशी कंपनीचा माल त्यांच्याकडेही मिळतो. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. आम्ही पार्टीचा जीएसटी क्रमांक विचारतोच की!

भाव करताना एकूण आकडा कागदावर घ्यावा. जाहिरातीत चाळीस-पन्नास हजारांपासून सुरुवात असते आणि मोठ्या नावाचा माल लाखांत जातो. पण त्या आकड्यात काय आले नाही, हे महत्त्वाचे. दात ठरल्या जागी न आल्यास नव्याने बनणारी कवचे धरली आहेत का, हरवलेल्या कवचाचे वेगळे पैसे किती, दातांवर चिकटवावयाचे बारीक ठिपके निघाले तर पुन्हा लावण्याचे काय, आणि शेवटी लागणारा रिटेनर कोणाच्या खर्चाचा. रिटेनर म्हणजे काम संपल्यावर रात्री घालावयाचे कवच. तो घातला नाही तर दात जुन्या जागेकडे परतू लागतात, आणि तो झिजतो म्हणून अधूनमधून नवा करावा लागतो. लग्नाची तारीख चार महिन्यांवर असताना उपचार सुरू करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की दात तारीख पाहून हलत नाहीत. आणखी एक गोष्ट, बोअरच्या पाण्यातील फ्लोराइडने पडलेले दातांवरील डाग अलाइनरने जात नाहीत, आणि अशा दातांवर ते ठिपके नीट धरत नाहीत. डॉक्टरला आधी दाखवावे.

पावती पक्की घ्यावी. दातांच्या स्कॅनची आणि आराखड्याची प्रत सुरुवातीसच मागून घ्यावी. कंपनी बंद पडली वा डॉक्टर बदलावा लागला तर पुढच्याला तिचा उपयोग होतो. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. कंपनी मुंबईची वा बंगळूरची असली तरी तेथे खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही.