खिशातला की गळ्यातला? खडकवासल्याच्या काठावरची वीस वर्षं

साधारण २००५ ते २०१५ या काळात पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात कॅमेरा घ्यायचा विषय निघाला, की चर्चा एकाच मुद्द्यावर अडायची. खिशात मावणारा कॉम्पॅक्ट घ्यायचा, की थोडे पैसे वाढवून सुरुवातीच्या श्रेणीतला, लेन्स बदलता येणारा डीएसएलआर? दसऱ्याला किंवा बोनस हातात पडल्यावर खरेदी व्हायची आणि नव्या कॅमेऱ्याची पहिली फेरी बहुधा खडकवासल्याला निघायची. सिंहगड रस्त्यानं वडगाव, नांदेड फाटा, किरकटवाडी मागे टाकली की उजव्या हाताला धरण येतं. पुढे चौपाटी, पाणी, पलीकडचे डोंगर आणि ढग नसतील तर सिंहगड. शहरापासून तासाभरात एवढी विविध दृश्यं एका जागी पुण्याला दुसरीकडे मिळत नाहीत. कॅमेऱ्याचं खरं-खोटं इथे लवकर कळायचं, म्हणून त्या वादाचा मागोवा याच काठावरून घ्यावासा वाटतो.

वाद तसा फिल्मच्या काळापासूनचा. अनेक घरांत आगफा क्लिक थ्री असायचा आणि १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो निघायचे. पुढे हॉटशॉट आला, याशिका एमएफ-टू आला. डोळा लावायचा आणि बटण दाबायचं, एवढंच काम. ज्याला छंद होता त्याच्याकडे रशियन झेनिट किंवा पेंटॅक्स के१००० असायचा आणि घरातले बाकीचे त्याला हात लावायला धजत नसत. छत्तीस फोटोंचा रोल गणपतीत सुरू व्हायचा आणि दिवाळीत संपायचा. आरास, सिंहगडावरची पिठलं-भाकरी, खडकवासल्याचं पाणी आणि भाऊबीजेची ओवाळणी असं सगळं एकाच रोलवर. प्रत्येक फोटोला पैसे पडत, त्यामुळे उगाच कोणी बटण दाबत नसे.

ऑगस्ट २००३मध्ये कॅननचा ईओएस ३००डी आला. ६.३ मेगापिक्सेल, सोबत १८-५५ची किट लेन्स, आणि अमेरिकेतली किंमत ९९९ डॉलर. लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा हजार डॉलरच्या आत प्रथमच आला होता. पुढच्याच वर्षी निकॉनचा डी७० आला आणि २००६च्या शेवटी छोटा, हलका डी४०. पुण्यात हे कॅमेरे दुकानांच्या आधी माणसांबरोबर आले. हिंजवडीच्या कंपनीतून ऑनसाइटला, म्हणजे परदेशी, गेलेला मुलगा परत येताना एक खोका घेऊन यायचा. वॉरंटीचं काय, हा प्रश्न मग उरायचाच. बाकीचे मुंबईला फोर्टातल्या बोरा बाजारात जाऊन भाव करायचे. त्याच काळात दुकानांच्या काचेमागे पॉवरशॉट, सायबरशॉट, कूलपिक्स, ईझीशेअर अशा कॉम्पॅक्टची रांग लागलेली असायची आणि विक्रेता ग्राहकापुढे सगळ्यात आधी मेगापिक्सेलचा आकडा ठेवायचा. त्या आकड्यानं लोकांचं फार नुकसान केलं, असं माझं मत आहे. फरक त्यात नव्हताच.

फरक सेन्सरच्या आकारात होता आणि तो खडकवासल्याला संध्याकाळी सहानंतर उघडा पडायचा. बहुतेक कॉम्पॅक्टमध्ये १/२.३ इंची म्हणवणारा सेन्सर असे. त्याचं क्षेत्रफळ जेमतेम २८ चौरस मिलिमीटर. कॅननच्या छोट्या डीएसएलआरमध्ये ते सुमारे ३३०, निकॉनमध्ये साडेतीनशेच्या पुढे, म्हणजे बारा-तेरापट. दुपारच्या उन्हात दोघांचे फोटो शेजारी ठेवले, तर पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटवर कुणालाही फरक सांगता येत नसे. पण सूर्य डोंगरामागे गेला, गाडीवर कणसं भाजणाऱ्या मावशींच्या शेगडीतल्या निखाऱ्यांचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडू लागला, की कॉम्पॅक्ट हात टेकायचा. सेन्सरची प्रकाशसंवेदना, म्हणजे आयएसओ, ४००च्या वर गेलं की चेहऱ्यावर रंगीत दाणे उमटायचे. ते पुसायला कॅमेऱ्यातलंच सॉफ्टवेअर पुढे सरसावायचं आणि माणसाची त्वचा मेणासारखी करून टाकायचं. फ्लॅश मारला तर निखारेच नाहीसे. डीएसएलआर तिथे ८००-१६००वरही तग धरायचा. पावसाळ्यातल्या आकाशाचंही तेच. ढगांचा उजेड आणि डोंगराची गर्द सावली एका फोटोत धरायची, तर छोट्या सेन्सरवर ढग पांढरेफटक व्हायचे. सेन्सरची कच्ची नोंद असलेल्या रॉ फाइलमधून ते परत आणता येतात, हे पुष्कळांना डीएसएलआरमुळेच कळलं.

वेळेचाही प्रश्न होता. पोरगं पाण्यात चपटा दगड भिरकावतं आणि दगड दोन-तीन टप्पे घेत जातो. त्या काळातला साधा कॉम्पॅक्ट बटण दाबल्यावर आधी फोकस शोधायचा आणि फोटोत बहुधा नुसत्या लाटा यायच्या. डीएसएलआरमध्ये फोकससाठी वेगळी यंत्रणा असल्यामुळे हात वर गेलेला, दगड सुटलेला, असा क्षण सापडायचा.

एवढं वाचून डीएसएलआरचं पारडं जड वाटेल. पण खडकवासल्यानं दुसरी बाजूही दाखवली. भर दुपारी पाण्याकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या कुटुंबाचे चेहरे काळे पडतात. कॉम्पॅक्टचा शटर लेन्समध्येच असतो, त्यामुळे त्याचा इवलासा फ्लॅश बऱ्याच वेगवान शटरलाही साथ देतो आणि दोन-तीन पावलांवरचे चेहरे उजळतो. निकॉन डी३१०० किंवा कॅनन ११००डीला फ्लॅशसह १/२०० सेकंदाची मर्यादा. तिथे काय करायचं हे माहीत नसलेल्या माणसाचा फोटो बिघडायचा. शिवाय छोट्या सेन्सरवर जवळचं-लांबचं सगळं रेखीव येतं. आजीही स्पष्ट, मागचा सिंहगडही स्पष्ट. सहलीच्या फोटोत लोकांना हेच हवं असतं. मागचं धूसर करण्याची आवड नंतर रुजली.

त्या आवडीपायी अनेकांना खर्चही सोसावा लागला. धूसर पार्श्वभूमीसाठी ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स स्वस्तात मिळते, असं प्रत्येकाला कुणीतरी सांगितलेलं असायचं. कॅननच्या बाबतीत ते खरं होतं. निकॉनच्या डी४०, डी३१००, डी५१०० या कॅमेऱ्यांत मात्र फोकसची मोटारच नव्हती. जुनी ५० एफ/१.८डी त्यांना बसायची, पण फोकस हातानं करावा लागायचा. मोटार असलेली ३५ एफ/१.८ २००९ साली आली आणि ५० एफ/१.८जी २०११ साली. मधल्या काळात लेन्स घरी आणून ती चालत का नाही म्हणून बुचकळ्यात पडलेली माणसं कमी नव्हती. खोक्यावर हे ठळक लिहायला हवं होतं.

सुरुवातीच्या श्रेणीतल्या डीएसएलआरचा सगळ्यात मोठा प्रश्न किट लेन्सचाच होता. एफ/३.५-५.६ची ही लेन्स पूर्ण झूमवर इतका कमी उजेड आत घेते, की मोठ्या सेन्सरची अर्धी कमाई तिथेच खर्ची पडते. २००८चा ल्युमिक्स एलएक्स३ किंवा २००९चा पॉवरशॉट एस९० हे कॉम्पॅक्ट जास्त उजेड घेणाऱ्या एफ/२ पासून सुरू व्हायचे. किट लेन्सवरच थांबलेल्या डीएसएलआरला हे खिशातले कॅमेरे बऱ्यापैकी टक्कर द्यायचे. आणि बहुसंख्य घरांत दुसरी लेन्स कधी आलीच नाही.

ज्यांनी ती घेतली, त्यांचं जग मात्र बदललं. खडकवासल्याहून पुढे डोणजे, गोळेवाडी, आतकरवाडी करत गेलं की गडाच्या पायथ्याची दरी लागते. पुण्याचे पक्षीमित्र तिला सिंहगड व्हॅली म्हणतात. स्वर्गीय नर्तक, टिकेलचा निळा माशीमार, हिवाळ्यात व्हर्डिटर आणि अल्ट्रामरीन फ्लायकॅचर, असे एकाहून एक देखणे पक्षी इथे दिसतात. ५५-२५० किंवा ७०-३०० लेन्स लावलेला साधा डीएसएलआर घेऊन पहाटे तिथे उभी राहिलेली कॉलेजची मुलं ही या वीस वर्षांतली मला सगळ्यात आनंदाची गोष्ट वाटते. कॅननच्या डीएसएलआरच्या, फिल्मपेक्षा छोट्या सेन्सरवर २५० मिलिमीटर ही लेन्स जुन्या फिल्मच्या हिशेबात ४०० मिलिमीटरइतकं जवळ आणते. या मुलांनी आधी फोटो काढले, मग नावं शोधली, मग नोंदी ठेवायला लागली. पुढे २०१३-१४च्या सुमारास टॅमरॉन आणि सिग्माच्या १५०-६०० लेन्स आल्या आणि दरीत गर्दीही वाढली. उन्हाळ्यात पाणवठ्याभोवती फोटोसाठी होणारी दाटी पक्ष्यांना त्रासाची आहे, हेही इथेच सांगायला हवं. कॉम्पॅक्टच्या घराण्यातूनही या बाबतीत एक उत्तर आलं होतं. २०१२चा पॉवरशॉट एसएक्स५० आणि २०१५चा ८३ पट झूमचा कूलपिक्स पी९००. चांगल्या उजेडात, पाण्यातल्या खुंटावर पंख वाळवत बसलेल्या पाणकावळ्यासाठी ते पुरेसे होते. दरीतल्या सावलीत मात्र नाही.

लांब झूमचा एक उपयोग कुणी फारसा बोलत नाही. काठावर राहूनच फोटो मिळतो. खडकवासल्याच्या पाण्यात उतरून जीव गेल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत आणि फोटोसाठी पाण्यात उतरण्यासारखं इथे काहीही नाही. पलीकडचा काठ राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा (एनडीए), म्हणजे लष्करी हद्द. तिकडे लेन्स रोखायची नाही, हा नियमही पाळायचाच.

पावसानं मात्र दोघांनाही सारखंच छळलं. इथली हवा जून ते सप्टेंबर ओलीच असते. कपाटात बंद करून ठेवलेल्या लेन्सवर बुरशीचे बारीक धागे धरतात. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या हा उपाय लोक लेन्स गमावल्यावर शिकले. कॉम्पॅक्टच्या झूमच्या नळीत वाळूचा कण गेला, की लेन्स अर्ध्यात अडकायची आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून कॅमेरा कायमचा कपाटात जायचा.

पण या सगळ्या तांत्रिक हिशेबापेक्षा महत्त्वाची गोष्ट मला त्या काळातले घराघरांतले फोटो पाहताना दिसते. कॉम्पॅक्टचे फोटो अनेक हातांनी काढलेले असतात. आत्यानं, धाकट्या भाच्यानं, शेजारच्या गटातल्या अनोळखी माणसानं. क्षितिज तिरकं, कुणाचे पाय कापलेले, पण घरातली सगळी माणसं त्यात आहेत. डीएसएलआरच्या फोल्डरमध्ये ढग सुंदर आहेत, गडाची धार सुंदर आहे, धरणाच्या दरवाजांतून उसळणारं पाणी तर फारच सुंदर. फक्त कॅमेरा ज्याचा, तो माणूस कुठेच नाही. बहुतेक घरांत तो वडील किंवा मोठा मुलगा. बॅटरीसकट पाऊण किलोच्या आसपासची ती महागडी वस्तू दुसऱ्याच्या हाती द्यायला तो कचरायचा आणि घ्यायला दुसरेही. आज त्या वडिलांचा खडकवासल्याच्या काठावरचा एखादा फोटो शोधावा लागतो. कॅमेरा निवडताना घरात आणखी कोण तो उचलेल, हे विचारायला हवं होतं.

२०१२च्या जूनमध्ये सोनीनं आरएक्स१०० आणला. एक इंची म्हणवणारा ११६ चौरस मिलिमीटरचा सेन्सर, एफ/१.८ लेन्स, वजन २४० ग्रॅम. वाद मिटवू शकेल असा हा कॅमेरा होता, पण किमतीनं तो डीएसएलआरच्याच पंगतीत बसला आणि तोवर फोन पुढे निघाले होते. जपानच्या कॅमेरा उत्पादक संघटनेच्या, म्हणजे सीपाच्या आकड्यांनुसार २०१०मध्ये जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे रवाना झाले; २०२०मध्ये ९० लाखांच्या आत. आधी कॉम्पॅक्ट गेले. डीएसएलआर काही वर्षं टिकले, कारण त्यांनी लोकांना रोजगार दिला. लग्नं, प्री-वेडिंग, पुण्याच्या कॉलेजांतल्या मुलांच्या शॉर्टफिल्म. २०१०च्या कॅनन ५५०डीमध्ये फुल एचडी व्हिडिओ आल्यावर सिनेमा शिकण्यातला एक मोठा अडसर दूर झाला होता. मग निकॉनचा डी३५०० २०१८ साली आला आणि त्या मालिकेत पुढचा आलाच नाही. कॅनन आणि निकॉन या दोन्ही मोठ्या कंपन्या आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळल्या. २०२४मध्ये कॉम्पॅक्टची विक्री थोडी वर सरकली, ती जुन्या डिजिटल फोटोंचा रंग आवडणाऱ्या तरुणांमुळे.

आज कुणी विचारलं तर माझा सल्ला असा. घरच्या माणसांसाठी आणि रविवारच्या खडकवासल्यासाठी खिशात आहे तो फोन पुरेसा आहे. नवा डीएसएलआर घेऊ नये. पण घरातल्या मुलीला किंवा मुलाला पक्ष्यांचा, गडांचा, फोटोग्राफी शिकण्याचा ओढा असेल, तर जुना डी३३००, डी५३०० किंवा कॅनन १३००डी सोबत ५५-२५० अथवा ७०-३०० लेन्ससह घ्यावा. घेताना लेन्स उजेडाकडे धरून बुरशी पाहावी, शटर किती वेळा उघडला आहे ते विचारावं आणि निकॉनसाठी लेन्स घेताना तिच्यात मोटार आहे ना, याची खात्री करावी. कपाटात पडलेला जुना कॉम्पॅक्ट विकण्याआधी त्यातलं कार्ड काढून घ्या आणि त्यावरचे फोटो दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा.