‘किती आहेत?’ विचारण्याआधी

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विषय असतो : पोरांना घरात गुंतवायचं कसं? मग प्रिंट काढायच्या वर्कशीट्सच्या पीडीएफ फिरतात आणि ‘वय तीन ते सहा’ असं छापलेली खोकी घरपोच येतात. आत लाकडी मणी, दोरी, रंगीत चकत्या आणि पालकांसाठी एक गुळगुळीत पुस्तिका. पहिल्या दिवशी मूल मण्यांशी खेळतं, दुसऱ्या दिवशी खोक्यात जाऊन बसतं.

खोक्याला हरकत नाही. परवडत असेल तर जरूर घ्यावं. पण साहित्य जमवणं हा या उद्योगातला सगळ्यात सोपा भाग, आणि ते महाराष्ट्रात तरी ऐंशी वर्षांपूर्वीच सिद्ध करून झालं आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या. दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. माँटेसरी पद्धतीवर त्यांचा विश्वास होता, पण तिची साधनं खेड्याच्या खिशाला परवडणारी नव्हती. १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, खडे, बिया, पानं, काटक्या यांनाच साधनं केलं. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात न्यायची, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवायची, हे सगळं याच परिसरातलं. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वयोगटासाठी ‘जादुई पिटारा’ आणला, त्यात खेळणी, कोडी, बाहुल्या आहेत. कोसबाडच्या बायकांना तो फारसा नवा वाटला नसता.

अवघड भाग आहे तो मोठ्यांच्या तोंडाचा. काय विचारायचं, कसं विचारायचं आणि मुख्य म्हणजे कधी गप्प बसायचं.

एक खेळ करून बघा. चार-साडेचार वर्षांच्या मुलासमोर सहा चिंचोके एका ओळीत मांडा, त्यांच्या खाली जोडीला जोड लावून आणखी सहा. “कुठल्या ओळीत जास्त आहेत, का दोन्हीत सारखे?” मूल बघतं, बोट लावतं, म्हणतं, “सारखे.” आता त्याच्या देखत खालची ओळ पसरवा, म्हणजे ती लांब दिसेल. पुन्हा तोच प्रश्न. बहुतेक मुलं लांब ओळीवर बोट ठेवतात : “हे जास्त.” पुन्हा मोजायला लावलं तर मूल दोन्हीकडे सहाच मोजतं आणि तरीही खालचेच जास्त म्हणतं. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी हा प्रयोग जगप्रसिद्ध केला आणि त्यावरून निष्कर्ष काढला की मांडणी बदलली तरी संख्या बदलत नाही, हे या वयात अजून पक्कं झालेलं नसतं.

स्कॉटलंडमध्ये १९७० च्या दशकात जेम्स मॅक्‌गॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी याच प्रयोगात एक गंमत केली. मांडणी मोठ्या माणसाने बदलायची नाही. एक खट्याळ टेडी अस्वल खोक्यातून उडी मारून येतं आणि सगळं विस्कटून टाकतं. मग तोच प्रश्न. चार ते सहा वर्षांच्या ऐंशी मुलांपैकी मोठ्यांनी ओळ हलवली तेव्हा तेरा जणांनी बरोबर उत्तर दिलं होतं, अस्वलाने हलवली तेव्हा पन्नास जणांनी. सोंगट्या त्याच, प्रश्न तोच, मग फरक कुठून आला? डोनाल्डसन यांचं म्हणणं असं की मूल नुसता प्रश्न ऐकत नाही, विचारणाऱ्याचा हेतू ताडत असतं. मोठ्या माणसाने मुद्दाम काहीतरी हलवलं आणि तेच पुन्हा विचारलं, म्हणजे पहिलं उत्तर आता चालणार नाही, असा सरळ व्यवहारी हिशोब ते करतं.

या प्रयोगावर पुढे बरीच उलटसुलट चर्चा झाली, पण घरासाठी त्यातला धडा मला पुरेसा वाटतो. आपण पाहुण्यांसमोर “सांग बरं, हे किती?” असं विचारतो तेव्हा उत्तर आपल्याला माहीत असतं आणि ते मुलालाही ठाऊक असतं. खेळाची परीक्षा होते ती तिथे. त्याऐवजी अस्वलाला कामाला लावावं. घरात टेडी नसेल तर मोज्याचं माकड करावं. माकड मोजताना मुद्दाम चुकतं, तीननंतर पाच म्हणतं, एक चिंचोका दोनदा मोजतं. त्याची चूक पकडायला मूल जी घाई करतं ती बघण्यासारखी असते. फक्त तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर चिंचोके, वाल, मणी त्याच्या हाताला लागू देऊ नयेत. या वयात प्रत्येक गोष्ट तोंडात, नाकात किंवा कानात जाते. त्याला वाट्या-चमचे द्यावेत.

सापशिडीचंही असंच. अमेरिकेत रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये गरीब वस्तीतल्या बालवाडीच्या मुलांना एक ते दहा आकड्यांच्या सरळ पट्टीवरचा सोंगटीचा खेळ दिला. दोन आठवड्यांत मिळून पंधरा-पंधरा मिनिटांच्या चारच बैठका. तेवढ्यानेही आकडे ओळखणं, लहान-मोठी संख्या सांगणं सुधारलं. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेल्या पट्टीवर खेळलेल्या मुलांत तशी प्रगती दिसली नाही. त्या खेळात एक बारकावा होता. सोंगटी पाचवर आहे आणि दोन पडले, तर आपल्याकडे मूल “एक, दोन” म्हणत सरकतं. तिथे त्या-त्या घरातला आकडा म्हणायचा : “सहा, सात.” एवढा बदल करा. बाजारातल्या सापशिडीत ओळी नागमोडी जातात, लहान मुलं कोपऱ्यावर हमखास अडखळतात. म्हणून सुरुवातीला खडूने गॅलरीत दहा चौकोनांची सरळ पट्टी आखावी आणि सोंगटीच्या जागी मुलालाच चालवावं.

आकड्यांच्या नावांशी मात्र मराठी मुलाची कुस्ती असते. पंचवीस म्हणताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. ५२ आणि २५ यांची अदलाबदल घरोघरी होते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनाची सोपी रीत आली तेव्हा किती गदारोळ झाला होता, आठवत असेल. मंगला नारळीकर त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्ष होत्या आणि त्यांनी शांतपणे बाजू मांडली होती. भाषेच्या अभिमानाचा वाद बाजूला ठेवला तरी मुलाची अडचण खरी आहे. घरी त्यावर खराट्याचे हीर कामाला येतात. हिरांचे बोटभर तुकडे करून दहा-दहांच्या जुड्या रबरबँडने बांधायच्या. दोन जुड्या, पाच सुटे. बांधायचं आणि सोडायचं काम मुलाने करायचं, नाव आपण घ्यायचं : पंचवीस.

आता स्वयंपाकघर. चौथ्या वर्षी पेन्सिल धरायला लावून ‘ग’ गिरवून घेणाऱ्यांना एक विनंती, आधी वालाचं बिरडं करा. कडवे वाल भिजवून, मोड आणून कोमट पाण्यात टाकले की मुलाला सोबत बसवावं. अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत दाणा धरून हलकेच दाबला की साल हातात राहते आणि डाळिंबी टुणकन उडते. जोरात दाबलं तर तिचे दोन तुकडे. किती जोर लावायचा हे बोटं आपोआप शिकतात, आणि पेन्सिल धरणारी बोटं हीच तीन. निम्मे वाल जमिनीवर जातील, ते धरून चालावं. कणकेचा गोळा, मटार, लसूण, कपड्यांचे चिमटे, सगळी याच जातीची कामं. यात एक अट मला महत्त्वाची वाटते : काम खरं हवं. मुलाने सोललेल्या डाळिंब्या त्याच दिवशी ताटात आल्या पाहिजेत. लुटुपुटूचं काम मुलं लगेच ओळखतात.

पाच-सहा वर्षांपुढे भाषेचे खेळ रंगतात. वाचायला शिकण्याआधी शब्दाचे तुकडे कानाला ऐकू यावे लागतात. आपल्या लिपीत अक्षर म्हणजे उच्चाराचाच एक तुकडा, त्यामुळे टाळ्या वाजवून क-म-ळ, पा-टी असं तोडणं सोपं जातं. त्याच्या पुढची पायरी शब्दांच्या भेंड्या. बसमध्ये, रांगेत, वीज गेल्यावर, कुठेही चालतात. बटाटा म्हटलं की टोपी, टोपी म्हटलं की पिशवी. लिहिता न येणारं मूलही शेवटचं अक्षर कानाने अचूक पकडतं.

थोड्या दिवसांत एखाद्या पोराला शोध लागतो की ‘ण’ ने सुरू होणारा शब्द कुणालाच येत नाही. मग ते पेटतं. सण, पुरण, तोरण, धरण, सरपण, एकामागून एक ‘ण’ आजीच्या गळ्यात पडतात आणि आजी हरते. यावर घरोघरी चालत आलेला तोडगा आहे, ‘ण’ आला की ‘न’ घ्यायचा. तो मोठ्यांनी लगेच सांगून टाकू नये. दोन-चार डाव आजीला हरू द्यावं. नियम बदलायला हवा हे पोरांनाच सुचतं, आणि त्यावर त्यांचं जे भांडण जुंपतं त्यात पडू नये.