कोण चावलं? आधी ओळखा, मग औषध



मागच्या पावसाळ्यात आमच्या शिबिरात एक आई मुलीला घेऊन आली. अंगावर खाज म्हणून शाळेतून पोरीला घरी पाठवलं होतं. वर ऐकवलं होतं, "तुमच्या वस्तीत घाणच असते." आईनं महिनाभर कडुलिंबाच्या पाण्यानं अंघोळ घातली, तरी रात्रीची खाज थांबेना. आम्ही पोरीच्या बोटांच्या बेचक्या पाहिल्या आणि मग घरातल्या सगळ्यांना बोलावलं. पाचही जणांना खरूज होती.

खरूज घाणीमुळे होत नाही. ती माइट नावाच्या आठ पायांच्या बारीक जिवामुळे होते. तो अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. मादी कातडीत बीळ करून अंडी घालते. एका खोलीत सहा-सात माणसं दाटीनं झोपली की तो एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातो. दोष दाटीचा आहे, आपल्या माणसांचा नाही. 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेनं खरजेला उपेक्षित आजारांच्या यादीत घेतलं.

ओळख अशी: रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेवर, काखेत पुरळ, घरात आणखी कुणाला तेच. डॉक्टर बहुधा 5 टक्के पर्मेथ्रिन मलम देतात. ते घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, सकाळी धुवायचं आणि आठवड्यानं पुन्हा लावायचं. फक्त खाजणाऱ्यालाच लावलं, तर खरूज घरात फिरत राहते. कपडे, अंथरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. तान्ह्या बाळासाठी आणि गरोदर बाईसाठी आधी डॉक्टरांना विचारा. माइट मेल्यावरही दोन-तीन आठवडे खाज राहू शकते, घाबरू नका.

दुसऱ्या जातीचा माइट झुडपात, गवतात असतो. त्याची पिल्लं चावल्यानं स्क्रब टायफस होतो. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात त्यानं माणसं दगावली. थंडी वाजून ताप, डोकेदुखी, आणि काखेत, जांघेत किंवा छातीखाली बिडीच्या चटक्यासारखी काळी खपली. ती दुखत नाही, म्हणून कपड्याखाली कुणी पाहत नाही. सगळ्यांनाच खपली येते असंही नाही. शेतात, गवत कापायला, कचरा वेचायला जाणाऱ्याला ताप आला तर डॉक्टरांना कामाचं सांगा. डॉक्सिसायक्लिन वेळेत मिळालं तर माणूस वाचतो. अंगारा-धुपाऱ्यात दोन दिवस घालवू नका.

आता बाकीचे.

मधमाशी: अंगावर लव. डंख मारल्यावर काटा कातडीत राहतो. तो नखानं लगेच काढा.

गांधीलमाशी: कंबर बारीक, अंग गुळगुळीत. काटा राहत नाही, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा डसते. भिंतीवर मातीचं घर बांधणारी कुंभारीण सहसा डसत नाही.

मुंगी: ती या दोघींच्याच गणातली. लाल मुंगीच्या चाव्यावर फोड आला तर फोडू नका.

तिन्हींसाठी साबण-पाणी आणि थंड पाण्याची घडी; चुना नको. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, चक्कर आली किंवा अंगभर गांधी उठल्या तर लगेच दवाखाना गाठा. आग्या मोहोळाच्या अनेक माश्या डसल्या तरी तेच. मोहोळाला दगड मारू नका, जाळू नका. पहिलं शील पाळलं जाईल आणि जीवही वाचेल.

फुलपाखरू आणि पतंग: बसल्यावर फुलपाखरू बहुधा पंख मिटून उभे धरतं, पतंग पसरून ठेवतो. दोन्ही चावत नाहीत. त्रास होतो तो केसाळ सुरवंटाच्या कुसळांचा. चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढा, मग धुवा.

त्या पाचही जणांनी एकाच रात्री मलम लावलं. पोरगी शाळेत गेली. जाताना आईनं आमच्याकडून एक कागद लिहून घेतला: "हा आजार घाणीमुळे होत नाही." तो तिनं वर्गशिक्षकांच्या हातात दिला.