वू-टँग क्लॅन: करारनामा आणि कुंग-फू

न्यूयॉर्कच्या पाच विभागांपैकी सर्वांत उपेक्षित अशा स्टेटन आयलंडवर 1992 च्या सुमारास नऊ तरुणांचा जो रॅप-संघ उभा राहिला, त्याचा सूत्रधार रिझा हा हाँगकाँगच्या कुंग-फू चित्रपटांचा इतका निस्सीम भक्त, की संघाचे नाव तर त्याने तेथून घेतलेच, शिवाय त्या चित्रपटांतील संवाद आणि तलवारींचा खणखणाटही ध्वनिमुद्रिकेत गुंफला. नोव्हेंबर 1993 मधील पहिल्या संग्रहाइतकीच, किंबहुना आमच्या मते त्याहूनही दूरगामी ठरली ती करारनाम्यातील एक शर्त: संघ लाउड रेकॉर्ड्सशी बांधील, परंतु प्रत्येक सभासदास अन्य कंपनीशी स्वतंत्र करार करण्याची मुभा. तिच्याच बळावर मेथड मॅन डेफ जॅमकडे, तर जिझा गेफेनकडे गेला. पुढे संघाने एकाच प्रतीत काढलेला संग्रह 2015 मध्ये मार्टिन श्क्रेली या औषध-उद्योजकाने विकत घेतला. रोखे-व्यवहारातील लबाडीबद्दल तो दोषी ठरल्यावर ती प्रत सरकारजमा झाली, आणि 2021 मध्ये अमेरिकी सरकारने ती विकून टाकली. (गाण्यांवर जप्ती यावी, हा प्रकार विरळाच!) पहिला संग्रह मात्र 2022 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत सन्मानपूर्वक दाखल झाला.