केसांचे फाटे आणि पोटातले तेल

वादाला एकदा फाटे फुटले की तो लवकर मिटत नाही, असे आपण मराठीत म्हणतो. केसांच्या फाट्यांचीही तीच गोष्ट आहे. केसाचे टोक एकदा दुभंगले म्हणजे ते पुन्हा जुळून येत नाही. उलट ती चीर वरवर सरकत जाते आणि वेणीचा शेंडा केरसुणीसारखा दिसू लागतो. मग उपायांचा शोध सुरू होतो. आजी एक सांगते, मैत्रीण दुसरे सांगते आणि जाहिरात तिसरेच सांगते. अलीकडे या उपायांत एका नव्या उपायाची भर पडली आहे. माशाच्या, जवसाच्या किंवा अशाच एखाद्या तेलाच्या कॅप्सूल रोज गिळल्या असता केसांना फाटे फुटत नाहीत, असे म्हणतात. आमच्या नववी-दहावीच्या विद्यार्थिनींमध्ये या विषयाची पुष्कळ चर्चा चालते. आम्ही काही वैद्य नव्हे. तरीही जे संशोधनाने सिद्ध झाले आहे ते नीट मांडणे आणि एखादे विधान कसे पारखावे हे दाखविणे, एवढे काम शिक्षकाला करता येण्याजोगे आहे.

प्रथम केस म्हणजे काय ते पाहू. केस वाढतो तो मुळाशी, टोकाशी नव्हे. डोक्याच्या त्वचेत खोलवर जी केसाची मुळे असतात, तेथील पेशी रक्तातून येणाऱ्या अन्नरसावर जगतात, वाढतात आणि केराटिन नावाच्या प्रथिनाने भरून जातात. त्वचेबाहेर पडेपर्यंत त्या मृत झालेल्या असतात. म्हणूनच न्हावी केस कापतो तेव्हा आपल्याला वेदना होत नाही. बाहेर दिसणाऱ्या केसात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही आणि झीज भरून काढणारी कोणतीही यंत्रणा नाही.

या मृत धाग्याची रचना मात्र मोठी कौशल्याची आहे. आतील गाभा काथ्याच्या दोरासारखा असतो. असंख्य सूक्ष्म तंतू एकमेकांना चिकटून तो बनतो. त्यावर पातळ खवल्यांचे आवरण असते. कोकणातील घरावर कौले जशी एकीवर एक चढवलेली असतात आणि त्यांच्या मोकळ्या कडा उताराकडे असतात, तसे हे खवले असतात. त्यांच्या कडा केसाच्या टोकाकडे वळलेल्या असतात. या कौलांवर निसर्गाने स्निग्ध द्रव्याचा एक अतिशय पातळ थरही दिलेला असतो. कौले शाबूत आहेत तोवर आतला दोर सुरक्षित राहतो. ती झिजली, उडाली, की दोराचे पदर सुटू लागतात. पदर सुटणे म्हणजेच फाटे फुटणे.

कौले कशाने उडतात? ओल्या केसांत जोराने फणी ओढल्याने, पंचाने केस खसाखसा घासल्याने, रंग घालविणाऱ्या वा चढविणाऱ्या रसायनांनी, केस सरळ करणाऱ्या तापलेल्या यंत्राने आणि उन्हाने. ही सारी कारणे बाहेरची आहेत. आणि टोकाशीच फाटे का फुटतात, याचे उत्तर एका साध्या गणितात आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे साठ सेंटिमीटर लांब वेणीचे टोक पाच वर्षांचे जुने असते. दहावीतील मुलीच्या वेणीचा शेंडा ती पाचवीत असताना तयार झालेला असतो! पाच वर्षांची फणी, पाच वर्षांचे ऊन आणि पाच वर्षांचे न्हाणे त्या बिचाऱ्या शेंड्याने सोसलेले असते. मुळाशी असलेला केस काल जन्मलेला. त्याला अजून काहीच सोसावे लागलेले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आज गिळलेले तेल पचून रक्तात गेले आणि केसाच्या मुळापर्यंत पोहोचले, असे धरून चालू. त्याने काही घडवायचे झाले तर ते आज तयार होणाऱ्या केसात घडवील. पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या टोकाशी त्या रक्ताचा काहीही संबंध उरलेला नाही. त्वचेतील ग्रंथींतून जे तेल स्रवते ते केसावर पसरते हे खरे. परंतु लांब वेणीच्या शेंड्यापर्यंत ते क्वचितच पोहोचते.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे, आणि त्याचा आपल्या शहराशी निकटचा संबंध आहे. तारनाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. सर रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी 1918 साली दक्षिणेत कुन्नूर येथे सुरू केलेल्या संशोधनकार्यातून ती वाढली, 1958 साली हैदराबादेत आली आणि 1969 साली तिला आजचे नाव मिळाले. लहान मुलांना पुरेसे अन्न व प्रथिने न मिळाल्याने होणाऱ्या क्वाशिओरकोर या रोगावर डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी येथे महत्त्वाचे काम केले. या रोगात मुलांच्या काळ्या केसांचा रंग फिका, तांबूस होतो. एखाद्या मुलाला काही महिने उपासमार, मग बरे दिवस, मग पुन्हा उपासमार असे भोगावे लागले, तर त्याच्या लांब केसांवर फिक्या आणि काळ्या रंगांचे आडवे पट्टे दिसतात. वैद्यकात याला ध्वजाच्या पट्ट्यांची उपमा देतात. पोट भरू लागल्यावर मुळाशी काळा केस येतो. परंतु आधीचा फिका पट्टा फिकाच राहतो आणि केसाबरोबर खाली सरकत जातो. भूतकाळात लिहिलेली ओळ आजच्या अन्नाने पुसता येत नाही, हे इतक्या स्पष्टपणे दुसरे काय सांगणार?

मात्र याच पुराव्याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. अन्नाचा केसाशी संबंध नाही, असे त्यातून मुळीच निघत नाही. संबंध आहे, पण तो घडणाऱ्या केसाशी आहे. घडून गेलेल्या केसाशी नाही. मग घडणाऱ्या केसाला तेलाची गरज असते काय? असते. 1929 साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्ध पदार्थ पूर्णपणे वगळलेला आहार दिला. त्यांची त्वचा खवलेदार झाली, शेपट्या सडू लागल्या आणि केस झडले. पुढे लिनोलिक आम्ल नावाचा तेलातील घटक दिल्यावर ती लक्षणे नाहीशी झाली. हा घटक शरीराला स्वतः तयार करता येत नाही. तो अन्नातूनच यावा लागतो. पुढे ज्या रुग्णांना दीर्घकाळ केवळ शिरेतून आणि तेही स्निग्ध पदार्थाविना पोषण द्यावे लागले, त्यांच्यातही कोरडी, खवलेदार त्वचा आणि केसांची गळती ही लक्षणे दिसून आली. तेव्हा ज्याच्या आहारात तेल अत्यल्प आहे त्याला तेल दिल्याने लाभ होतो, यात शंका नाही.

परंतु अशी तूट आपल्या घरांत कितपत संभवते, हेही मोजून पाहावे. दिवसाला दोन हजार कॅलरी घेणाऱ्या व्यक्तीला लिनोलिक आम्ल सुमारे पाच-सहा ग्रॅम पुरते. करडईच्या नेहमीच्या तेलात ते शेकडा सत्तरच्या आसपास असते. म्हणजे फोडणीत आणि भाजीत मिळून दोन चहाचे चमचे करडईचे तेल पोटात गेले की गरज भागली. तिळाच्या तेलात ते सुमारे चाळीस टक्के आणि शेंगदाण्याच्या तेलात साधारण तीस टक्के असते. माशांच्या तेलाचा जो विशेष सांगतात, तो ओमेगा-तीन वर्गातील मेदाम्लांचा. बांगडा आणि तारली खाणाऱ्यांना ती ताटातच मिळतात. शाकाहारी घरांतील जवसाच्या चटणीत त्याच वर्गातील एक मेदाम्ल भरपूर असते. जवसाच्या तेलाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग त्याचाच असतो. कॅप्सूलमध्ये तेल असते ते बहुधा ग्रॅमभर. ज्या घरात रोज फोडणी पडते, त्या घरातील ताटापुढे या ग्रॅमभराचा बडेजाव किती करावा?

या कॅप्सूलच्या बाजूने एक प्रयोग पुष्कळदा पुढे केला जातो. 2015 साली फ्रान्समधील संशोधकांनी 120 स्त्रियांवर केलेला सहा महिन्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ओमेगा-तीन व ओमेगा-सहा तेले आणि काही ऑक्सिडीकरणविरोधी द्रव्ये घेणाऱ्या स्त्रियांची केसगळती कमी झाली व केस दाट झाले, असा त्याचा निष्कर्ष होता. येथे दोन गोष्टी नीट पाहाव्यात. पहिली अशी की, त्या स्त्रियांचे केस आधीच विरळ होऊ लागले होते, आणि प्रयोगाचा विषय गळती व घनता हा होता. फाटे हा नव्हता. दुसरी अशी की, तेलाबरोबर इतर द्रव्येही दिलेली होती, तेव्हा सारे श्रेय एकट्या तेलाच्या पदरात टाकता येत नाही. ‘केसांना उपयोगी’ हे दोन शब्द वाचले की आपण मनात ‘फाट्यांना उपयोगी’ असे जोडून घेतो. विधान जेवढे सिद्ध झाले आहे तेवढेच मानावे, ही शिस्त केसांच्या बाबतीतही सोडू नये.

मग तेलाचा फाट्यांना काहीच उपयोग नाही काय? आहे, पण तो बाहेरून. 2003 साली मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्यापूर्वी किंवा धुतल्यानंतर लावले असता केसातील प्रथिनांची झीज लक्षणीय प्रमाणात कमी झाली, ती केवळ खोबरेलाने. खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरू शकते. त्यामुळे केस पाण्याने कमी फुगतो आणि कौले कमी उचकटतात. खोबरेल केसात शिरते हे अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील संशोधकांनी या दोघांच्या सहकार्याने 2001 साली दाखवून दिले होते. ही कंपनी स्वतःच खोबरेल विकते, हे वाचकाने विसरू नये. कोण सांगतो आहे हे पाहणे हाही परीक्षेचाच भाग आहे. तरीही या निष्कर्षामागील कार्यकारणभाव स्पष्ट आहे, आणि तेल लावलेल्या केसांतून फणी सहज फिरते हा तर घरोघरचा अनुभव आहे.

येथे एक मौज लक्षात येते. आमच्या कोकणी घरांत नारळाला मान. आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांची घरे मराठवाड्यातली, आणि तेथे करडईला मान. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. या दोन तेलांची तुलना केली तर काय दिसते? खोबरेलात लिनोलिक आम्ल जेमतेम दोन टक्के. त्या बाबतीत पोटात करडई श्रेष्ठ. पण केसांच्या आत शिरण्यात खोबरेल श्रेष्ठ. मुळाचे पोषण ताटातून होते आणि शेंड्याचे रक्षण हाताने लावलेल्या तेलातून होते. एकाचे काम दुसऱ्यावर सोपवले की फसगत होते.

ही फसगत केवळ पैशाची असती तर आम्ही एवढे लिहिले नसते. कॉड माशाच्या यकृताच्या तेलात ‘अ’ जीवनसत्त्व असते. ते दीर्घकाळ प्रमाणाबाहेर घेतल्यास केस कोरडे होतात आणि गळतात. म्हणजे औषधानेच दुखणे वाढावे तसा प्रकार. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, 2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील 15 ते 19 वर्षे वयाच्या मुलींपैकी 59.1 टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. शंभर मुलींमागे एकोणसाठ! सकाळी उपाशीपोटी शाळेत यायचे, मधल्या सुटीचा डबा परत न्यायचा आणि खाऊच्या पैशांतून केसांच्या कॅप्सूल घ्यायच्या, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. केस फार गळत असतील आणि त्याबरोबर थकवा वा धाप जाणवत असेल, तर दुकानदाराला न विचारता डॉक्टरांना विचारावे आणि रक्त तपासून घ्यावे.

फाट्यांपुरते सांगायचे तर उपाय साधे आहेत. फुटलेले टोक चिरेच्या थोडे वर कापून टाकावे. याला पर्याय नाही. न्हाण्यापूर्वी शेंड्यांना खोबरेल चोळावे. ओले केस पंचाने न घासता टिपून घ्यावेत. विंचरताना रुंद दातांची फणी घ्यावी आणि गुंता शेंड्याकडून सोडवीत वर जावे. तापलेली यंत्रे आणि रंग घालविणारी रसायने जितकी दूर ठेवाल तितके बरे. हैदराबादच्या उन्हाळ्यात बाहेर पडताना वेणी ओढणीखाली घ्यावी.

आणि पोटात काय घालावे? भाकरी, वरण, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, जमल्यास अंडे किंवा मासा, जवसाची चटणी आणि फोडणीपुरते तेल. आज खाल्लेल्या घासाने आजचा शेंडा सुधारणार नाही. पण आज मुळाशी जो केस घडतो आहे तोच पाच वर्षांनी शेंडा होणार आहे. त्याची तरतूद आजच्या जेवणातच करावयाची असते.