जुन्या मोटारीचे मागील ड्रम ब्रेक : रचना, बलगणित आणि देखभाल

या पाठातून काय शिकाल

- ड्रम ब्रेकमधील दोन शू सारखे दिसत असूनही सारखे काम का करत नाहीत, हे गणिताने दाखवता येईल.
- कमी चालणाऱ्या गाडीचे ब्रेक कोणत्या कारणांनी बिघडतात, ते सांगता येईल.
- मागील ब्रेक उघडणे, तपासणे, जोडणे आणि त्यांची चाचणी घेणे, यांतील प्रत्येक पायरीमागचे कारण समजेल.

१. हा विषय आजही का शिकायचा?

नवी दिल्लीत मंडी हाऊसपासून इंडिया गेटकडे जाणारा कोपर्निकस मार्ग आहे. जुने महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे आणि फरीदकोट हाऊसमध्ये राष्ट्रीय हरित लवादाचे मुख्य पीठही येथेच बसते. एके काळी सरकारी पांढऱ्या अँबॅसेडर या भागाची ओळख होत्या. लवादाने २०१४ आणि २०१५ मध्ये १५ वर्षांहून जुन्या वाहनांविरुद्ध आणि १० वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांविरुद्ध आदेश दिले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते उचलून धरले. त्यानंतर अंमलबजावणीत बदल होत आले, पण दिल्लीत जुनी गाडी रोज वापरणे अवघड झाले. मुंबईतही कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर टॅक्सी म्हणून निवृत्त झाली.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूप राखलेल्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम काढले. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे ती वर्षातले बहुतेक दिवस उभी असते. धावणाऱ्या गाडीचे ब्रेक झिजतात, तर उभ्या गाडीचे गंजतात, चिकटतात आणि गळतात. हा फरक पाठभर लक्षात ठेवा.

२. रचना

चाकाबरोबर फिरतो तो बिडाचा ड्रम. त्याच्या आत, न फिरणाऱ्या बॅकप्लेटवर दोन अर्धचंद्राकार शू असतात. शूच्या बाहेरील कडेवर घर्षण-पट्टी, म्हणजे लायनर, रिव्हेटने किंवा चिकटवून बसवलेला असतो. शूंची वरची टोके व्हील सिलिंडरच्या पिस्टनला टेकतात, खालची टोके खुंटीवर टेकतात. पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब पिस्टन बाहेर ढकलतो आणि शू ड्रमला भिडतात. पेडल सोडले की रिटर्न स्प्रिंग त्यांना मागे ओढते. अँबॅसेडरसारख्या गाड्यांत हँडब्रेकची केबलही याच मागच्या शूंना हलवते.

३. लीडिंग आणि ट्रेलिंग शू

फिरणारा ड्रम एका शूवरून सिलिंडरकडून खुंटीकडे सरकतो. तो लीडिंग शू. येथे घर्षणबल शूला ड्रमवर आणखी दाबते. दुसऱ्या बाजूला ड्रम खुंटीकडून सिलिंडरकडे सरकतो आणि घर्षण शूला ड्रमपासून दूर ढकलते. तो ट्रेलिंग शू.

सोपे प्रतिमान घेऊ. ब = पिस्टनचे बल, उ = खुंटीपासून पिस्टनचे अंतर, अ = खुंटीपासून लंब दाबाचे अंतर, क = खुंटीपासून घर्षणबलाचे अंतर, घ = घर्षण गुणांक, न = ड्रमवरील लंब दाब. खुंटीभोवती घूर्णांचा समतोल मांडल्यास :

लीडिंग : न = (ब × उ) ÷ (अ − घ × क)

ट्रेलिंग : न = (ब × उ) ÷ (अ + घ × क)

सोडवलेले उदाहरण. ब = १००० न्यूटन, उ = २०० मिमी, अ = १०० मिमी, क = ८० मिमी, घ = ०.३५.

लीडिंग : न = २,००,००० ÷ ७२ = २७७८ न्यूटन; घर्षणबल = ९७२ न्यूटन.

ट्रेलिंग : न = २,००,००० ÷ १२८ = १५६३ न्यूटन; घर्षणबल = ५४७ न्यूटन.

एकूण १५१९ न्यूटन. आता समजा, गळक्या सिलिंडरचे ऑइल लायनरवर पसरून घ = ०.१ झाला. लीडिंग शूचे घर्षणबल २१७ आणि ट्रेलिंगचे १८५ न्यूटन, म्हणजे एकूण सुमारे ४०३ न्यूटन होईल. पेडलवरचा पाय तेवढ्याच जोराने दाबला आहे, तरी त्या चाकाचा ब्रेक एक चतुर्थांशावर आला. दुसरे मागचे चाक मात्र पूर्ण ताकदीने थांबते आहे. अशा वेळी गाडी एका बाजूला ओढते, आणि ओल्या रस्त्यावर तिचा मागचा भाग घसरू शकतो. म्हणूनच लायनर नेहमी एका धुऱ्यावरच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलतात.

मागे एक लीडिंग आणि एक ट्रेलिंग अशी जोडी ठेवण्याचे कारणही येथेच आहे. गाडी उलटी जाऊ लागली की दोन्ही शूंच्या भूमिका बदलतात, पण एक शू लीडिंग राहतोच. त्यामुळे चढावर किंवा उतारावर, दोन्ही दिशांना हँडब्रेक गाडी धरून ठेवतो.

४. ब्रेक उघडण्यापूर्वी

१. गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्या आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. ड्रम काढण्यासाठी हँडब्रेक सोडावा लागतो, त्यामुळे गाडीला तो आधार उरत नाही.

२. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा. मग जॅकने उचलून धुऱ्याखाली स्टँड लावा. केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नका.

३. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नका आणि कोरड्या ब्रशनेही झाडू नका. मास्क घालून ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बंद करा.

५. तपासणी

ड्रम निघत नसेल तर आधी ॲडजस्टर उलटा फिरवून शू आत घ्या. ड्रमला घासून खोबण पडली असेल, तर तिच्या कडेत शू अडकतात. गंजून चिकटलेला ड्रम भोवताली हलके ठोकून सुटतो. बीड ठिसूळ असते, त्यामुळे कडेवर जोराचा घाव घालू नका.

- व्हील सिलिंडर : रबरी टोपी अलगद उचलून पाहा. आत ओल दिसली तर वॉशर गळत आहे. पिस्टन हाताने सरकत नसेल तर तो गंजाने अडकला आहे. नळीत खड्डे पडले असतील तर नुसते नवे वॉशर टिकणार नाहीत, सिलिंडर बदला.
- लायनर : रिव्हेटची डोकी ड्रमला लागण्याच्या बेतात असतील तर बदला. ऑइल मुरलेला लायनर धुऊन पुन्हा वापरू नका, तापल्यावर ऑइल परत वर येते.
- ड्रम : व्यास दोन-तीन दिशांनी मोजा. मापे वेगळी आली तर ड्रम लंबगोल झाला आहे आणि पेडल पायाखाली थरथरेल. लेथवर ड्रम सरळ करता येतो, पण मॅन्युअलमधील कमाल व्यासाच्या आतच.
- स्प्रिंग : ताणलेली किंवा गंजलेली असेल तर शू मागे येत नाही, ब्रेक घासत राहतो आणि ड्रम तापतो.

काढण्यापूर्वी फोटो घ्या. दोन्ही चाके एकदम उघडू नका, म्हणजे दुसरे चाक नमुना म्हणून समोर राहील.

६. जोडणी आणि एअर काढणे

शू जेथे बॅकप्लेटवर घासतात तेथे उच्च तापमानाचे ग्रीस अगदी थोडे लावा. लायनरला बोटांचेही तेल लागू देऊ नका. ड्रम बसवून ॲडजस्टर शू घट्ट लागेपर्यंत फिरवा, मग चाक मोकळे फिरेल इतका परत सोडा. हँडब्रेकची केबल त्यानंतरच जुळवा. आधी केबल ताणली तर शूचे सेटिंग चुकते.

ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषते. डॉट ३ ऑइलचा किमान उत्कलनबिंदू ताजे असताना २०५ अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० अंश आहे. तापलेल्या ब्रेकमध्ये त्याची वाफ झाली तर वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जाते. त्यामुळे गाडी चाललेली नसली तरी ऑइल ठरावीक काळाने बदलावे लागते. या रबरांना पेट्रोल किंवा इंजिन ऑइल लागले तर ती फुगतात.

एअर काढताना सर्वसाधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करतात. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल उघडून बुडबुडे जाऊ द्यायचे, निपल बंद केल्यावरच पेडल सोडायचे. टाकी रिकामी होऊ देऊ नका.

७. चाचणी

पेडल एक मिनिट दाबून धरा. ते हळूहळू खाली गेले तर कोठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर दाब धरत नाही. अनेक जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकच मंडल असते, त्यामुळे एका वॉशरची गळती चारही ब्रेक घालवू शकते. ही चाचणी पार पडल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर नेऊ नका. मग मोकळ्या जागेत हळू वेगाने थांबवून पाहा आणि दोन्ही ड्रमची उष्णता, हात न टेकवता, ताडून पाहा. एक जास्त तापला असेल तर तो घासतो आहे.

सारांश

लीडिंग शू घर्षणाच्या मदतीने स्वतःचा दाब वाढवतो, म्हणून घर्षण गुणांकातील बदलाचा परिणाम त्याच्यावर जास्त होतो. उभ्या गाडीत झिजेपेक्षा गंज, गळती आणि ऑइलमधील पाणी हे धोके मोठे आहेत. तिची तपासणी किलोमीटरवर नव्हे, महिन्यांवर ठरवा.

स्वाध्याय

१. वरील उदाहरणात घ = ०.५ घेऊन दोन्ही शूंची घर्षणबले काढा. कोणत्या शूमध्ये वाढीचे प्रमाण जास्त आहे?

२. घ × क = अ झाल्यास लीडिंग शूचे काय होईल?

३. दोन्ही शू लीडिंग असलेली रचना पुढच्या चाकांना चालते, पण हँडब्रेक असलेल्या मागच्या चाकांना का चालत नाही?